प्लॉटवरून काढलेलं नाव

माय,

मालेगावचा तुझा प्लॉट मी माझ्या एकट्याच्या नावावर करून घेतला. धाकटीचं, तुझ्या लेकीचं, नाव कमी केलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण बोलायला उभा राहिलो असतो तर हे मी शेवटी ठेवलं असतं. लोकांना कुठं हसवायचं, कुठं गप्प करायचं, कोणत्या वाक्यानंतर पाण्याचा ग्लास उचलायचा, हे आता माझ्या अंगात भिनलं आहे. तुझ्यासमोर ती कसरत नको. तू मला पहिल्या भाषणापासून ओळखतेस. शाळेच्या गॅदरिंगला मी टेबलावर मूठ आपटली होती आणि घरी आल्यावर तू विचारलं होतंस, "हाताले लागलं का रे?"

तुझ्या मुलाचं नाव आता तीन-चार तालुक्यांत माहीत आहे. जयंतीचा कार्यक्रम असो, कॉलेजचं शिबिर असो, विहारातला महिला मेळावा असो, गाडी पाठवतात, हार घालतात, आणि मी दीड-दोन तास बोलतो. माझा ठरलेला विषय म्हणजे मुलीचा हिस्सा. कायद्याची कलमं मला पाठ आहेत. कोणत्या देशात बायकांना वारसा कधी मिळाला, त्यासाठी कोण तुरुंगात गेलं, कोणी कोणती पुस्तकं लिहिली, सगळं वाचलेलं आहे आणि ते मी ओतत जातो. पण लोकांच्या लक्षात त्यातलं काहीच राहत नाही. लक्षात राहते ती तुझी साडी. आजोबा वारल्यावर तुझ्या दोन्ही भावांनी तुला तहसीलात नेलं, कागदावर अंगठा घेतला आणि परत येताना एक साडी दिली. हिरवी, लाल काठाची. ती तू एकदाही नेसली नाहीस. आपल्या न्हाणीला दार नव्हतं, तिथं तू तिचा पडदा केलास. शेजारणीनं विचारलं तेव्हा म्हणालीस, "तीन एकराची साडी हाये बाई. अंगावर घेतली त ओझं होईन." ही गोष्ट मी पन्नास ठिकाणी सांगितली असेल. पडद्यापाशी आलो की मी आवाज खाली आणतो. बायका डोळ्यांना पदर लावतात, आणि मग मी समोरच्या पुरुषांवर तुटून पडतो: तुमच्या बहिणीच्या अंगठ्याची शाई अजून तुमच्या हाताला लागलेली आहे!

तू ते एकदाच ऐकलंस, मेडशीच्या विहारासमोर. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसली होतीस. टाळ्या थांबत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चुलीपाशी तुरीच्या शेंगा सोलत होतीस, मी चहा घेत होतो, आणि तू मान वर न करता म्हणालीस, "साडी माही, टाळ्या तुले." मी हसलो. तू हसली नाहीस. "लोकायच्या बहिणीचं लय सांगतलं. आपल्या घरी बी एक हाये. तिच्यासाठी काय केलं?" मी म्हटलं, आपल्याजवळ वाटायला आहेच काय? तू पुढची शेंग उचललीस. त्यानंतर चार वर्षांनी, दवाखान्यात फरशा पुसायच्या अर्ध्या पगाराच्या नोकरीतून आणि बायकांच्या भिशीतून, तू वाशीम रस्त्यावरच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतलास. मला नेऊन दाखवलास. पांढऱ्या दगडांच्या खुणा, मध्ये गवत, कडेला बोरीचं झुडूप. तू चपला काढून त्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी गेल्यावर दोघायचं नाव चढवजो. अर्धा तुहा, अर्धा बाईचा. तू भाषण देतं म्हणून सांगून राह्यली."

मी चढवलं, माय. तू गेलीस त्याच महिन्यात तलाठ्याकडे गेलो आणि दोघांचं नाव लावून घेतलं. तो उतारा मी काही दिवस खिशात घेऊन फिरलो. एक-दोन सभांत तर तो काढून दाखवलासुद्धा. त्याला आता अठरा वर्षं झाली.

तू गेलीस तेव्हा तुझी नात, माझी मुलगी, चार वर्षांची होती. गेल्या वर्षी तिनं शेतकीची पदवी घेतली. मातीचा अभ्यास करते. आपल्या काळ्या मातीत सोयाबीन काही वर्षांनी का मार खातं, हे तिनं तुला तुझ्याच भाषेत माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं. समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठानं तिला पुढच्या शिक्षणासाठी निवडलं. पत्र आलं त्या दिवशी मी पेढे वाटले. पत्राचं दुसरं पान मी दुसऱ्या दिवशी वाचलं. त्यात लिहिलं होतं की जागा दिली आहे, पण व्हिसासाठी लागणारा कागद आम्ही तेव्हाच पाठवू, जेव्हा पहिल्या वर्षाची फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च भागेल एवढी सोय तुमच्याकडे आहे हे तुम्ही दाखवाल. सोबत फॉर्म होता. खर्च कोण करणार? त्याचं विद्यार्थिनीशी नातं काय? तो काय काम करतो? पैसा कुठून येणार? खाली एक निवेदन, की मी हा सगळा खर्च उचलायला समर्थ आहे, आणि सहीची जागा. मुदत सहा आठवडे.

फॉर्म समोर ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. आपल्या घरानं आजवर सरकारदरबारी एकच गोष्ट सिद्ध केलेली आहे, ती म्हणजे आपल्याजवळ काही नाही. मी अकरावीला असताना स्कॉलरशिपसाठी तू मला उत्पन्नाच्या दाखल्याला नेलं होतंस. तलाठी तुला म्हणतो, "बाई, तुमी त नोकरीवर हाये, मंग उत्पन्न इतकं कमी कसं?" आणि तू म्हणतेस, "साहेब, पगार सरकारच देते. सरकारलेच इचारा कमी काहून देते त." रांगेतली माणसं हसतात, तलाठीही हसतो, शिक्का मारतो. त्या शिक्क्यांवर मी एम.ए. झालो, कॉलेजात लागलो. दारिद्र्य कसं दाखवायचं ते आपल्याला पिढ्यानपिढ्या येत होतं. आहे ते दाखवायची वेळ आली तेव्हा मी गोंधळलो. पगार होता, पण घराचे हप्ते जाऊन हातात राहील तेवढाच. भविष्य निर्वाह निधीचा पैसा त्यांना चालत नाही, लगेच काढता येईल असा हवा.

कोणीतरी अकोल्याच्या एका एजंटाचं नाव सांगितलं. परदेशी शिक्षणाचं ऑफिस, काचेचं दार, भिंतीवर झेंडे. मुलगी आणि मी गेलो. तो चाळिशीतला माणूस, बोलायला गोड. म्हणाला, "सर, तुमी टेन्शन काहून घेऊन राह्यले? महिनाभर तुमच्या खात्यात पैसा ठेवतो. बँकेचा दाखला निघाला का आपला आपण काढून घेतो. आमचं थोडं कमिशन. सगळेच करतात." मी उभा राहिलो. त्या लहानशा केबिनमध्ये मी जे बोललो ते मैदानावर शोभलं असतं. खोट्या श्रीमंतीच्या पायावर मी मुलीचं शिक्षण उभं करणार नाही, आमच्या लोकांनी शाळेची पायरी चढायला काय सोसलं ते तुम्हाला काय माहीत, असं बरंच. बाहेर बसलेले दोन-तीन आईबाप मान वळवून पाहत होते. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, चला." परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो आणि मला फार स्वच्छ वाटत होतं. माय, लक्षात ठेव, मला त्या दिवशी फार स्वच्छ वाटत होतं.

मग राहिलं शैक्षणिक कर्ज. बँकेचं मंजुरीपत्र विद्यापीठाला चालत होतं. तारण हवं होतं. शेतजमीन आपल्याजवळ नाही, घर आधीच गहाण. मला प्लॉट आठवला. बँकेत एक तरुण अधिकारी बाई होत्या, नागपूरकडच्या, शांतपणे बोलणाऱ्या. उतारा पाहून म्हणाल्या, "सर, प्लॉट चालेल. आता रस्त्याला लागून आहे, किंमतही चांगली निघेल. पण इथं दोन नावं आहेत."

"माझी बहीण आहे. ती नाही म्हणणार नाही."

"मग दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्यांनी तारण देणाऱ्या म्हणून तुमच्यासोबत सही करायची. त्यांचा हिस्सा त्यांचाच राहतो. पण त्यांना इथं यावं लागेल. कर्ज किती, फेडलं नाही तर काय होईल, हे सगळं आम्ही त्यांना समजावून सांगतो. दुसरा म्हणजे हक्कसोडपत्र करून प्लॉट तुमच्या एकट्याच्या नावावर करायचा. मी म्हणेन पहिला बरा, सर. आठ-दहा दिवस जास्त लागतील, एवढंच."

मुदतीला अजून तीन आठवडे होते. म्हणजे वेळ नव्हता असंही मला म्हणता येत नाही.

बँकेतून घरी यायला मोटारसायकलवर दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात माझं ठरलं होतं. पहिल्या मार्गात मला धाकटीकडे मागायला जावं लागलं असतं. ती बँकेत खुर्चीवर बसली असती, रकमेचा आकडा तिनं ऐकला असता, पाव्हण्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, चार प्रश्न विचारले असते, कदाचित तिनं नाहीसुद्धा म्हटलं असतं. तिला तो अधिकार होता. दुसऱ्या मार्गात विचारायचं काहीच नव्हतं. आपल्याकडे भाऊ कागद पुढे करतो आणि बहीण सही करते. ज्या रीतीला मी पन्नास गावांत शिव्या दिल्या, ती किती सोयीची आहे हे मला त्या दहा मिनिटांत कळलं.

जऊळक्याला तिच्या सासरी गेलो तेव्हा धाकटी अंगणात तूर पाखडत होती. पाव्हणे खाटेवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "आले का भाषणवाले! आज हार नाई आणला आमी." ते नेहमीच असं बोलतात, आणि मला ते कधी आवडलं नाही. धाकटीनं सूप खाली ठेवलं, पाणी आणलं. मी बोलायला लागलो. आपल्या घराण्यातली पहिली मुलगी समुद्र ओलांडते आहे, मायनं दवाखान्याच्या फरशा पुसल्या त्याचं हे फळ आहे, हा एका मुलीचा नाही तर आपल्या सगळ्यांचा... माझा आवाज चढत गेला. शेजारच्या अंगणातली म्हातारी दारात येऊन उभी राहिली. धाकटीनं हात वर केला.

"दादा, सभा नोको घेऊ. सई कुठी कराची ते सांग."

पाव्हणे म्हणाले, "थांब ना वं. कायचा कागद हाये ते त पाहू दे. आपल्या पोट्टीचं बी नर्सिंगचं हाये पुढच्या साली. तुनंच म्हणलं होतं ना, मायच्या प्लॉटावर पाहू?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. "दुसरं काही होत नाई का दादा? नाव तसंच ठेवून?"

हा प्रश्न तिनं विचारला होता, माय. अगदी याच शब्दांत. आणि मी म्हटलं, "नाही होत. बँकेले एकच नाव लागते. कागदापुरतंच हाये, मंग पाहू आपण." तिच्याशी बोलताना मी आपली बोली बोलतो. खोटं बोलतानाही बोललो. ती म्हणाली, "मंग इचारून काहून राह्यला? पोरीचं काम हाये." आणि नवऱ्याला म्हणाली, "माह्या पोट्टीच्या टायमाले मामा उभा राहीन. नाई का दादा?" मी मान हलवली. तिनं मला जेवायला थांबवलं. आंबाडीची भाजी आणि भाकर. मी दोन भाकरी खाल्ल्या.

मालेगावच्या रजिस्ट्रीत त्या दिवशी गर्दी होती. दस्त लिहिणारा म्हातारा माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यानं मला ओळखलं. मनापासून हात जोडले. म्हणाला, "सर, तुमचं भाषण ऐकलं हाये मी. बहिणीच्या हिश्श्याचं. माही बायको रडली होती." मग त्याच्या लक्षात आलं की मी कशासाठी आलो आहे. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खाली पाहिलं आणि कॉम्प्युटरवरचा तयार मजकूर वाचायला लागला: मी राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय, भावावरील प्रेमापोटी. अर्ध्यात थांबून विचारलं, "मोबदला काय टाकू सर? काही लोक साडीचोळी लिहून घेतात."

"निरंक लिहा," मी म्हणालो.

धाकटीचा फोटो निघाला, अंगठा मशीनवर ठेवला. मशीननं पहिल्यांदा घेतला नाही. तिच्या हातांच्या रेषा कामानं झिजलेल्या आहेत. बाबूनं ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा ठेवायला सांगितला. तिसऱ्यांदा घेतला. त्या तीन वेळा मी तिच्या मागे उभा होतो. मला म्हणता आलं असतं की चल, घरी जाऊ. मी घड्याळ पाहिलं.

बाहेर आलो तर दुपार झाली होती. बाजारातून स्टँडकडे चाललो होतो आणि माझे पाय कापडाच्या दुकानापाशी थांबले. शपथेवर सांगतो, मी ठरवलं नव्हतं. काहीतरी द्यायला हवं, तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, असं वाटलं आणि मी दुकानाची पायरी चढलो. गादीवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय करतो आहे. तोवर दुकानदारानं चार साड्या उघडल्या होत्या. धाकटी माझ्याकडे पाहत होती. क्षणभर मला वाटलं ती उठून जाईल. तशी ती तुझीच मुलगी आहे. पण ती हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसली. "बाप्पा! दादा, तू बी?" मग दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, ह्या ठेवा. महागातली काढा. अर्ध्या प्लॉटाची हाये." दुकानदाराला काही कळलं नाही, तोही हसला. तिनं खरोखर महागातली घेतली, जांभळी. मी पैसे दिले. एसटीत बसताना ती म्हणाली, "पोट्टी पोचली का फोन कराले लावजो." खिडकीतून हात हलवला.

मंजुरीपत्र आठ दिवसांत आलं. फॉर्म मुलीनं भरला, मी सांगत गेलो. पैसा कुठून येणार, या चौकटीत लिहिलं: वडिलांची स्वतःची मालमत्ता तारण ठेवून घेतलेलं कर्ज. खाली दुसऱ्या प्रायोजकासाठी एक जागा होती. मुलीनं विचारलं, "बाबा, इथं आत्याचं नाव टाकायचं का? प्लॉटमध्ये आत्याचंही आहे ना?" तिला काही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "एक पुरे. उगाच गुंता नको." मग मी सही केली. मी समर्थ आहे, या वाक्याखाली. एजंटाच्या त्या महिनाभराच्या पैशांत आणि माझ्या या कागदात काय फरक होता, ते मला अजून सापडलेलं नाही. त्याचे पैसे निदान महिन्यानं मालकाकडे परत जात होते.

मुलगी गेली. व्हिसाच्या खिडकीवर तिला विचारलं, खर्च कोण करतंय? तिनं अभिमानानं सांगितलं, माझे वडील. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, की जेवून घे. ती आता तिथं प्रयोगशाळेत माती चाळते, बर्फाचे फोटो पाठवते. ती खूश आहे. तिच्यावर यातलं काही येऊ नये असं मला वाटतं, आणि ते येणार हेही मला माहीत आहे.

त्यानंतर जऊळक्याला कार्यक्रम होता. धाकटी पहिल्या रांगेत बसली होती, ती जांभळी साडी नेसून. मुद्दाम नव्हे, तिच्याकडे चांगली तीच आहे. मी बोलत गेलो. कायदा, इतिहास, शिक्षण, व्यसन. मुलीच्या हिश्श्यापाशी आलो आणि तसाच पुढे गेलो. टाळ्या पडल्या. लोकांना कळत नाही माणूस कशावरून उडी मारून गेला ते. मंडपामागे ती माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

"आज मायच्या साडीची गोष्ट नाई सांगतली?"

"वेळ नव्हता."

"दोन तास बोलला ना रे."

मी पाणी प्यायलो. तिनं ग्लास परत घेतला. तिला कळलं का, आणि किती कळलं, हे मला माहीत नाही. तू असतीस तर एका नजरेत सांगितलं असतंस.

या उन्हाळ्यात भाचीचा बारावीचा निकाल लागला. चांगले मार्क मिळाले. नर्सिंगला नंबर लागला, खाजगी कॉलेज, फी जास्त. धाकटी घरी आली. चप्पल दाराशी काढून खाली बसली, खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, "दादा, पोट्टीसाठी कर्ज काढा लागते. मायच्या प्लॉटावर माहा हिस्सा दाखवता येते का आता? तू कागदापुरतं म्हणला होता."

मी म्हणालो, "बँक नाई म्हणते. कर्ज फिटेपर्यंत हात लावता येत नाई."

"इचारून पाह्यलं का तुनं?"

"पाह्यलं."

"असं व्हय," ती म्हणाली. तिनं घरून आणलेल्या कुरड्या पिशवीत होत्या, त्या माझ्या बायकोला दिल्या. जाताना म्हणाली, "जाऊ दे. पुढच्या साली पाहू." कॉलेजची तारीख निघून गेली. भाची आता मालेगावात एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. कॉलेजला जाताना मला तो रस्ता लागतो. ती मला पाहते आणि दुकानातून ओरडते, "मामा!" मी हात हलवतो आणि गाडीचा वेग वाढवतो.

मी बँकेत विचारायला गेलोच नव्हतो, माय. त्या अधिकारी बाई अजून त्याच टेबलावर आहेत. धाकटीचं नाव परत लावता येतं का, मी भाचीसाठी जामीन राहू शकतो का, हे विचारायला अर्धा तास पुरला असता. मी गेलो नाही, कारण मी विचारलं की त्या विचारणार, सर, तुम्ही बहिणीला तेव्हा दोन्ही मार्ग सांगितले होते ना? पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू व्हायला अजून वेळ आहे. उद्या जाईन असं लिहावंसं वाटतं. पण मला माझी वाक्यं माहीत आहेत, म्हणून लिहीत नाही.

इतकी पानं झाली. पत्र तुझ्या नावानं सुरू केलं, कारण तुझ्यापाशी खोटं बोलता येत नाही, असं पहिलं पान लिहिताना मी स्वतःला सांगितलं होतं. तेही खरं नाही. तुला अक्षर येत नव्हतं. धाकटी सातवीपर्यंत शिकली, ती जऊळक्याला ओसरीवर बसून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. म्हणून मी हे तिला नाही, तुला लिहिलं.